गॅस न भरलेलं कपाट

आठ वर्षांच्या असताना ताईंनी वडिलांना विचारलं होतं, "फ्रिज पुढून गार, मग मागून गरम का?" वडील दुरुस्तीचं दुकान चालवत. त्यांनी पाना हातात देऊन म्हटलं, "उघड आणि बघ." ते बघणं काही संपलंच नाही. वडिलांनंतर दुकान ताईंनीच सांभाळलं. तीस वर्षं झाली, तरी नवं गिऱ्हाईक त्यांच्या पाठीमागे मिस्त्री शोधायचंच.

एकदा कॉलेजातून फोन आला. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकबाईंचं थंड कपाट नीट गार होत नव्हतं. ताईंनी दार उघडलं तर आत ओल्या मातीचे डबे आणि नखाएवढ्या गोगलगायी.

"यांना कशाला गारठवताय?"

"डोंगरावरच्या आहेत. खाणीने डोंगर खाल्ला, या त्र्याण्णव उरल्या," बाई म्हणाल्या. "एकाच जागी काही झालं तर सगळ्याच जायच्या. म्हणून तिघांनी वाटून घेतल्या. आम्ही, प्राणिसंग्रहालय आणि नगरपालिकेची रोपवाटिका. पण गंमत बघा, त्यांची कपाटं नवी कोरी, तिथे एक अंडं नाही. आमच्या या खटाऱ्यात चाळीस!"

कपाटातला गॅस कमी झाला होता. तो भरणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. ताईंनी नळी जोडली आणि त्या थांबल्या. मग नळी काढून त्यांनी आत थर्मामीटर ठेवला. दुपारी पारा बावीसवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन पाहिलं, तर पंधरा.

"बाई, डोंगरावर दिवसभर सारखाच गारवा असतो?"

"छे, दुपारी चांगलं तापतं."

"मग नव्या कपाटांत त्यांना दुपार कुठली मिळायला?"

प्राध्यापकबाईंनी थेट फोनच उचलला.

प्राणिसंग्रहालयाचे अधिकारी वैतागले. "चांगलं चालणारं कपाट बिघडवायला मिस्त्री बोलवायचा?" पण तयार झाले. रोपवाटिकेच्या माळीकाकांनी तर काही विचारलंच नाही. ताईंनी दोन्हीकडे टायमर बसवले, दुपारी यंत्र बंद राहील असे.

पाचव्या आठवड्यात प्राणिसंग्रहालयातून निरोप आला. ताई दुकान बंद करून धावल्या. टॉर्चच्या उजेडात, मातीच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढी अकरा पांढरी अंडी होती. त्या वाकून बघतच राहिल्या. अधिकारी म्हणाले, "बसा ना, खुर्ची देतो." त्या तासभर बसल्या.

घरी नवरा म्हणाला, "गोगलगायींची सोयरीक जुळवलीस की!"

"दोन घरची जुळली. तिसरं घर अडलंय."

कारण रोपवाटिकेत अजून काहीच नव्हतं. टायमर तोच, पारा तसाच चढतो-उतरतो. मग आता दर गुरुवारी ताई तिथे जातात. त्यांना दाराच्या रबराचा संशय आहे, माळीकाकांना मातीचा. दोघं डब्यावर वाकून वाद घालतात, आणि मध्येच एखादी गोगलगाय शिंगं बाहेर काढते, तेव्हा वाद तिथेच सोडून दोघंही आणखी खाली वाकतात.