अनुसूयाक्कांचा ठिपका

"गुंडू, कात्री घे," म्हणत अनुसूयाक्कांनी अडुसष्ट वह्यांचा गठ्ठा माझ्या बेतायच्या टेबलावर आदळला. "आणि रद्दी काढ. आज कापड नको, पेपर कापायचाय."

टेबलावर कुणाच्या तरी लग्नाचं साटीन पसरलं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी इस्त्री दाखवली असती. अक्कांसाठी मी गुमान साटीन उचललं आणि रद्दी काढली.

आमचं शिंप्याचं दुकान बेंगळुरात, चिकपेटेतल्या बोळात. मालक माझे काका, खंडोजीअण्णा. मी आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मास्तरानं पट्टी मारली, मी ती हिसकावून मोडली आणि परत गेलोच नाही. शिकवणारी माणसं मला डोळ्यांसमोर नको असायची. आणि नशीब बघा, दुकानावरच्या माडीवर राहायला आल्या त्या शिकवणाऱ्याच. अनुसूयाक्का आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. अक्का कॉलेजात पीयूसीला, म्हणजे अगदी पहिल्या वर्षाला, इंग्लिश शिकवायच्या.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. त्यांच्याकडे सी सेक्शन होता. सी म्हणजे कन्नड, मराठी, तेलुगू शाळांतून आलेली पोरं. इंग्लिशमध्ये स्वतःच्या चार ओळी लिहायच्या म्हटलं की ह्यांना घाम फुटायचा. मग सगळे एकच गाइड घ्यायचे, तयार निबंधांचं, आणि तेच पाठ करायचे. गाइडावर नाव इंग्लिशचे हेड हणमंतराव यांचं. खेड्यातून आलेला विठोजी 'माझं गाव' लिहायचा तेव्हा गावाच्या पूर्वेला नदी असायची. बेंगळुरातच जन्मलेली कावेरी लिहायची, तिच्याही गावाला पूर्वेला नदी. आमच्या बेंगळुराला कुठली नदी?

त्या रविवारी दहा-बारा पोरं अक्कांच्या मागं बोळात येऊन उभी राहिली. अक्कांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, घरातल्या एका सदऱ्याचं असं वर्णन लिहा की न बघितलेल्या माणसाला तो शिवता यावा.

"मी वाचते. जेवढं लिहिलंय तेवढंच मराठीत सांगते. गुंडू तेवढंच कापेल. डोकं चालवायचं नाही रे."

"ते मला जमतं," मी म्हटलं.

पहिली वही विठोजीची. "सदरा ही स्वच्छतेची खूण आहे. थोर लोक नेहमी स्वच्छ सदरा घालत आले आहेत."

मी कात्री धरून थांबलो. "मग? काय कापू?"

"लिहिलंय ते काप."

मी हवेत दोनदा कात्री चालवली. "घे विठोजी. थोर सदरा. धुवायची पण गरज नाही."

बोळ हसला. विठोजी लाल झाला. अक्का हसल्या नाहीत. वहीकडे नीट बघितलंसुद्धा नाही आणि म्हणाल्या, "पान सदतीस, दुसरा परिच्छेद. पुढची वही."

मी बघतच राहिलो. गाइड त्यांच्या हातात नव्हतं. कधीच नसायचं. पोरांनी एक ओळ चोरून घातली की अक्का पान सांगायच्या. पान एकोणीस. पान बासष्ट, शेवटची ओळ. विठोजीनं एकदा पैज लावली, गाइड लपवून धरलं, मधलंच काहीतरी वाचलं. अक्का पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी." बरोबर! मी पंचवीस मापं डोक्यात ठेवतो म्हणून काका मला ग्राहकांपुढं मिरवायचे. ह्या बाईपुढं मी कोण?

दुसरी वही कावेरीची. तिनं खरंच लिहिलं होतं. लांबी अठ्ठावीस इंच, बाह्या दोन, बटणं सहा, खिसा डावीकडं. मी सांगितल्याबरहुकूम कापत गेलो, टाचण्या मारल्या आणि विठोजीच्या डोक्यावरून घातला. तो डोक्यावरच अडकला. गळाच नव्हता.

"अय्यो, गळा तर असतोच ना मिस!" कावेरी ओरडली.

"कुठं असतो?"

"सगळ्या सदऱ्यांना असतो!"

"तो तुझ्या डोक्यात आहे. कागदावर नाही. गुंडूला तुझ्या डोक्यात शिरता येत नाही, म्हणून तर लिहायचं."

पेपराच्या आतून विठोजी म्हणाला, "मिस, स्वल्प श्वास घेऊ का?"

त्या दिवसापासून माझं टेबल म्हणजे सी सेक्शनचा दुसरा वर्ग झाला. आणि मी तिथून पळालो नाही, ह्याचं काकांनाच जास्त आश्चर्य. वह्या तपासायची अक्कांची पद्धतही मी तिथंच बघितली. चूक दुरुस्त करून द्यायच्याच नाहीत. चुकलेल्या ओळीपुढं, कडेला, लाल शाईचा एक ठिपका. बस्स. चूक कुठली, ती पोरानं शोधायची. सापडली नाही तर वही परत, आणखी एक ठिपका. कुणाकुणाच्या पानाला गोवर आल्यासारखं दिसायचं. पोरं चिडायची, रडायची, आणि मग एखाद्या संध्याकाळी माझ्या टेबलापाशी कुणीतरी एकदम ओरडायचं, "सापडली!" तेव्हा अक्कांचा चेहरा बघावा. मी आठवीत असताना असा चेहरा एकदा जरी बघितला असता तर पट्टी मोडली नसती.

डिसेंबरात हणमंतराव कोटाच्या ट्रायलला आले. मी तोंडात टाचण्या धरून त्यांची पाठ बसवत होतो. अक्का दळण घेऊन आत आल्या.

"बाई, बरं झालं भेटलात," हणमंतराव आरशातच बघत म्हणाले. "माझ्या पुस्तकावर तुमचा राग आहे म्हणे?"

"नाही सर. वाचावं की पोरांनी. परीक्षेत उतरवू नये एवढंच."

"ए आणि बी सेक्शनला चालतं. तुमच्याच पोरांना काय झालं? सदरे कापत बसता म्हणे. अर्धी पोरं तरी पास व्हायला हवीत. चौतीस. एक जरी कमी झालं तर जूनमध्ये तुमचं नाव पुढं जाणार नाही."

अक्कांची नोकरी टेंपररी. दर जूनला नाव पुढं जायचं ते ह्यांच्याच सहीनं. वर माडीवर म्हातारी आई. मी टाचण्या थुंकल्या. "ओ सर, अक्कांना—"

"गुंडू." अक्का एवढंच म्हणाल्या. मग शांतपणे त्यांच्याकडं वळल्या. "चौतीस. सरी, ठीक आहे. आणि सर, पान एकोणीसवर एक चूक पहिल्या आवृत्तीपासून तशीच राहिलीय. आता तिसरी निघतेय म्हणे. तेवढी काढून टाका."

हणमंतरावांचा चेहरा आरशात उतरला. चूक निघाली म्हणून लाजले, असं मी धरून चाललो.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, ह्या कोटाची एक बाही आखूड करतो. बघाच."

"कोट नीट शिव. तू कसा शिवतोस हे त्यांच्यावर ठरतं का?"

शिवला. आजपर्यंतचा माझा सगळ्यात चांगला कोट त्या माणसाच्या अंगावर आहे. अजून जळफळाट होतो.

धमकीची बातमी पसरली. फेब्रुवारीत सात-आठ पोरं गुपचूप गाइडकडं परतली. मी विठोजीची कॉलर धरली, "तू पण?" तो म्हणाला, "सोड रे. मी गेलो तर मिस मला पान सांगतील. त्यापेक्षा नापास बरं." परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत अक्का ठिपके देत राहिल्या. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते की. रोज." आणि वहीत डोकं घातलं.

परीक्षेत निबंध आला, 'प्रामाणिकपणा'. गाइडात तो होता, अगदी पहिलाच. कावेरी म्हणाली, आमच्या आसपासची पोरं खाली मान घालून धाडधाड लिहीत सुटली, आणि मी पाच मिनिटं नुसती बसून होते. मग तिनं आपल्या आजीबद्दल लिहिलं, फुलं मोजून विकणारी, एक मोळं, म्हणजे हातभर माळ, जास्तच घालणारी. मी कपाळावर हात मारला. गेली नोकरी, म्हटलं.

मेमध्ये पेपरात निकाल आला. नुसते रजिस्टर नंबर, मुंगीएवढे. अक्का यादी घेऊन बसल्या, मी पेपर धरला. एक नंबर सापडला की मी शिंप्याच्या खडूनं टेबलावर एक रेघ ओढायचो. काकांनी मशीन थांबवलं. विसाव्या रेघेला खडू मोडला, मी दुसरा घेतला. तिसाव्यानंतर बराच वेळ काहीच मिळेना, नुसते ए आणि बीचे नंबर. मग एकतीस. बत्तीस कावेरी. तेहतीस. मी पान उलटलं, आणि वरच्या कोपऱ्यात विठोजी!

"चौतीस!" मी टेबलावर बुक्की मारली.

"थांब, अजून आहेत," अक्का म्हणाल्या.

एकोणचाळीस झाल्या. मी नाचत बोळात गेलो. परत आलो तर अक्का यादीतल्या उरलेल्या नावांपुढं लाल ठिपके देत होत्या. "ह्या एकोणतीस जणांना निरोप दे. परीक्षा सप्टेंबरात परत आहे. सोमवारपासून या म्हणावं." जूनमध्ये त्यांचं नाव पुढं गेलं. त्यांनी मला सांगितलंसुद्धा नाही, कॉलेजच्या पहिल्या दिवशी वह्या घेऊन खाली उतरल्या तेव्हा कळलं.

ह्याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुलतानपेटेतले छापखानेवाले प्रतापराव विजार शिवायला आले. माझ्या टेबलावर पडलेली वही त्यांनी उघडली, ठिपके बघितले आणि हसायला लागले.

"ही बाई अजून असंच करते होय? आमच्या कंपोझिटरला वेड लागायची पाळी आली होती. प्रुफावर चूक दुरुस्त करून द्यायची नाही, कडेला नुसता ठिपका. तूच शोध!"

"कसलं प्रूफ?" मी विचारलं.

"गाइडचं. तेव्हा नोकरी नव्हती त्यांना. हणमंतराव म्हणाले होते, आधी हे लिहून द्या, मग कॉलेजात घेतो. वर नाव त्यांचं छापलं. आत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर न् अक्षर अनुसूयाबाईंचं."