मिलिंदने भरून ठेवलेला टब

मिलिंदने बसवलेली पट्टी नीट बसली होती. ती सुटली माझ्यामुळे, आणि दोष मी त्याच्या नावावर जाऊ दिला. काही आठवड्यांपूर्वी मी इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या ट्रॅममध्ये असताना तो गेल्याचा फोन आला. ऑफिसचा जिना चढता चढता कोसळला, परत उठलाच नाही. फोन ठेवल्यावर मला त्याच्या चेहऱ्याआधी आमची बाथरूम आठवली...

मिलिंद मूळ नागपूरचा, कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत संशोधक. दुरुस्तीचं काही हाताशी नसलं की त्याला करमायचं नाही. आमच्या मराठी मंडळात कुणाचा नळ गळला, कुणाचं कपाट वाकडं लागलं, की त्याला फोन जायचा आणि तो डिकीत हत्यारांची पेटी टाकून यायचा. आम्ही फेर्टिगहाउस घेतलं, म्हणजे कारखान्यात भिंती तयार करून जागेवर जोडलेलं लाकडी घर. वास्तुशांतीच्या जेवणाला आलेला मिलिंद हात धुवायला वर गेला तो खाली येईचना. टबाच्या कडेची पट्टी एका बाजूने उचललेली होती आणि शॉवरच्या नळामागची गोल चकती भिंतीला टेकलेलीच नव्हती. "अबे संजय, घर घेतलं का चाळणी?" तो म्हणाला. टाइल्सच्या मागे लाकूड आहे, पाणी आत झिरपत राहिलं तर भिंत कुजेल, हे त्याने मला समजावून सांगितलं. कंपनीकडे तक्रार केली, पण त्यांचा टेर्मिन, म्हणजे माणूस येण्याची तारीख, पार हिवाळ्यानंतरची निघाली. शेवटी मिलिंदच म्हणाला, मी करून देतो.

त्याला वेळ मिळाला तो नेमका नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. जुनी पट्टी आणि जुनं सिलिकॉन त्याने खरवडून काढलं, कडा स्पिरिटने पुसल्या आणि टब काठोकाठ भरला. भरलेला टब वजनाने किंचित खाली बसतो, तशा अवस्थेतच फट भरायची, म्हणजे नंतर कुणी आत उभं राहिलं तरी ती ताणली जात नाही. फटीत सिलिकॉन भरून त्याने वर नवी पट्टी बसवली, आणि चकती सरळ करून तिच्याभोवतीही सिलिकॉन फिरवलं. निघताना त्याने बजावलं की सिलिकॉन पक्कं वाळेपर्यंत, म्हणजे परवा संध्याकाळपर्यंत, हे पाणी सोडायचं नाही, उद्याच्या पहिल्या आंघोळी खालच्या शॉवरमध्ये उरका. मी हो म्हटलं.

पण नव्या घरातली पहिली दिवाळी होती. पुण्याहून आई आली होती. खालच्या त्या खोपटात उटणं लावायला हातसुद्धा हलत नव्हता, आणि मला फोटो काढायचे होते. मी टबाची बुची ओढली तेव्हा मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, मिलिंदकाकांनी नाही म्हटलंय ना. मी तिला गप्प केलं. मग टबात स्टूल ठेवून तेल, उटणं, बादली-तांब्या, सगळं यथासांग झालं.

थोड्याच दिवसांत खाली स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग उमटला. मिलिंद लगेच आला. पट्टी त्याच्या हातात सुटून आली. मागच्या सिलिकॉनमध्ये उटण्याची पूड रुतलेली होती. त्याने ती बोटांनी चोळली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. दारात माझी बायको होती, मंडळातले दोघेजण चहाला आलेले होते.

"पाणी कधी सोडलंस?"

"तू सांगितलं होतंस तेव्हाच."

"मग माझंच काही चुकलं असेल," तो म्हणाला आणि खाली वाकून कामाला लागला. बायकोला खरं माहीत होतं. माझी लाज राखायला तीही गप्प बसली.

त्या दोघांनी ते मंडळात नेलं. मिलिंदला बोलवा, पण छत्री घेऊन बसा, असा विनोद सुरू झाला आणि मीही त्यात हसत राहिलो. हळूहळू त्याला फोन जायचे थांबले. एका संक्रांतीला त्याच्या डिकीत ती पेटी दिसली नाही. विचारल्यावर म्हणाला, "आता कोण बोलावतं बे?" तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पार्किंगचा विषय काढला.

तो गेल्यावर मी त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, भेटायला गेलो आणि सगळं सांगितलं. त्या माझ्यासाठी चहा ओतत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "मला माहीत आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले तेव्हा यांच्या हातांना उटण्याचा वास होता. मी म्हटलं, सांगा ना सगळ्यांना. तर म्हणाले, त्याची आई आलीये, राहू दे." मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मला अडवलं. "हे मला नका सांगू. जिथे हसलात तिथे सांगा."

पुण्यानुमोदनाला मंडळातले सगळेच आले होते. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून मिलिंदबद्दल चांगलं बोलले. छत्रीचा विनोद करणारेही बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला. टबातलं पाणी मी सोडलं होतं, मिलिंदने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि नंतर तुमच्याबरोबर हसलो, एवढं सांगितलं. मग मी त्याच्या फोटोकडे वळलो आणि म्हणालो, "मिलिंद, तुझं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मला माफ कर."