डिंकाची लेबलं

माझ्या धाकट्या काकांचा मला राग आहे. ते जाऊन कैक वर्षं झाली तरी आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

वडील गेल्यावर आईनं कांदा-लसणाची चटणी करून विकायला घेतली. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे आमटी-भाजीत घालायचं तिखट. आई मिरच्या भाजायची तेव्हा सगळी गल्ली खोकून बेजार व्हायची. काका तर नाकाला रुमाल लावून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसायचे. तयार बरण्या दुकानांत पोचवायच्या, एवढंच त्यांचं काम.

एका वर्षी त्यांनी छापखान्यातून लेबलं करून आणली. तांबडी अक्षरं, पाठीला आधीच लावलेला डिंक. ओल्या फडक्यावर टेकवायचं आणि बरणीला लावायचं. आईला वाचता येत नव्हतं. काका म्हणाले, "वैनी, तुमचंच नाव छापलंय की!"

अंगावरच्या सोन्याला जपलं नसेल तितकं आईनं त्या लेबलांना जपलं. हवा दमटली की ती एकमेकांना चिकटतात, म्हणून पत्र्याच्या डब्यात खाली कोरडे तांदूळ पसरून वर गठ्ठे ठेवायची. तेलाचं बोट लागू नये म्हणून आधी बेसनानं हात धुवायची. एखादं तिरकं बसलं तर दिवसभर चुकचुकायची.

मी तेव्हा लग्न होऊन कागलला होते. उन्हाळ्यात माहेरी आले तसं आईनं कौतुकानं एक लेबल हातात दिलं.

"वाच की मोठ्यानं. कसं दिसतंय माझं नाव?"

वर 'अस्सल घरगुती चटणी'. खाली काकांचं नाव, आणि त्यापुढं 'यांनी स्वतःच्या हातांनी कुटलेली'. आईचं नाव कुठंच नव्हतं.

स्वतःच्या हातांनी! ज्या माणसानं जन्मात मिरचीचं देठ खुडलं नाही, त्यानं! माझं डोकंच फिरलं. होतं तसं मी वाचून दाखवलं. खोटं वाचलं असतंस तर काय बिघडलं असतं, असं पुढं नात्यातल्या काहींनी मला सुनावलं. त्यांचाही मला राग आहे.

आईनं डब्यातले तांदूळ सुपात काढून घेतले, लेबलं परत आत ठेवली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी काका बरण्या न्यायला आले. "लेबलं कुठं हाईत वैनी?"

आईनं डबा पुढं सरकवला. आत तांबूस लगदा झाला होता.

"दमटली बघा भावजी. हवाच तसली हाय."

बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. काका डब्याकडं बघत राहिले, मग बिनलेबलाच्याच बरण्या पिशवीत भरायला लागले. आईनं पिशवी धरली.

"त्या ऱ्हाऊ द्या. तुमी तुमच्या हातानं कुटल्याली न्या."