दुसऱ्यांदा पोट कापायचं का

नागपूरच्या त्या दवाखान्यात, बसायच्या हॉलच्या भिंतीवर माझे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. डावीकडे ऑपरेशनच्या आधीची मी, उजवीकडे ऑपरेशन होऊन वर्ष झाल्यावरची. उजवीकडच्या फोटोत माझे गाल बसलेले आहेत, गळ्याचं हाड दिसतं आहे आणि मी खूप हसते आहे. फोटो लावू का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आनंदानं हो म्हटलं होतं. आता काही वर्षांनी मी पुन्हा त्याच हॉलमध्ये नंबर लावून बसले होते आणि डावीकडच्या बाईसारखी दिसत होते.

मी कोपऱ्यातली, खांबाआडची खुर्ची धरली होती. तरी शेजारच्या बाईंनी मला ओळखलं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असाव्यात. डोक्यावर ओढणी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. त्यांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"त्या फोटोतल्या बाई तुमीच ना जी?"

"होते," मी म्हटलं.

त्या हसल्या. "होते काऊन? आता नाई का?"

मला हसू आलं नाही, पण राग यावा असंही त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं. त्यांनीच आपली हकीकत सांगायला सुरुवात केली. त्या अहेरीच्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि नवऱ्याचं शिवणकाम एकाच गाळ्यात. माझं झालं तेच ऑपरेशन त्यांचंही झालं होतं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकून त्याची बारीक नळी करतात ते. पुढं त्यांचंही वजन परत चढलं आणि छातीत जळजळ सुरू झाली. मग त्यांनी दुसरं ऑपरेशन करून घेतलं, पोटाच्या बायपासचं, अन्न थेट पुढच्या आतड्यात सोडतात ते. त्याच्याच तपासणीला त्या आल्या होत्या.

"तुमी काऊन आल्या?"

"तेच विचारायला. दुसरं करावं का म्हणून."

एवढ्यात माझा नंबर आला.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवते. या विषयात आहार आणि पोषण यांवर मोठा भाग असतो. फळ्यावर समतोल आहार असं लिहून मी मुलींकडं वळते तेव्हा मागच्या बाकावर काय कुजबुज होत असेल, हे मला शिकवायची गरज नाही. पहिलं ऑपरेशन मी केलं ते त्या कुजबुजीपायी नाही. साखर वाढली होती, गुडघे बोलत होते, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाईतो दम लागायचा. ऑपरेशननंतर पहिलं वर्ष सणासारखं गेलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. जुने ब्लाउज मी दोनदा आत घेतले. नात्यातल्या बाया माझा दंड चाचपून बघायच्या.

वजन परत आलं ते मेजवान्या झोडून आलं नाही. कुणी विचारलं तर हे मला नेहमी सांगावंसं वाटतं, पण कुणी विचारत नाही. माझ्या त्या नळीतून पोळी धड उतरायची नाही, अडकायची. भाजीचे दोन घास झाले की छाती भरून यायची. मात्र चहात बुडवलेलं बिस्किट, मऊ झालेला चिवडा, खीर हे सगळं अलगद उतरायचं. मग जे उतरतं ते खाल्लं. थोडं थोडं, दिवसभर. मुलींना शिकवते ते सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा फारसा उपयोग झाला नाही. आधी किलो, दोन किलो, मग सगळंच परत. साखरेची एक गोळीही परत आली.

"फसलं म्हणे वो तिचं," असं एका लग्नात मी माझ्या पाठीमागं ऐकलं. बोअरवेल कोरडी लागली की म्हणतात तसं. तो शब्द मी घरी घेऊन आले आणि स्वतःच वापरू लागले. माझं फसलं.

डॉक्टरांपुढंही मी तोच शब्द वापरला. ते म्हणाले, "असं म्हणू नका. बीपीच्या माणसाचं बीपी परत चढलं तर तो फसला म्हणतो का आपण? हा आजारच परतून येणारा आहे." मग त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. अन्ननलिकेचं खालचं टोक आम्लानं सोलल्यासारखं झालं होतं. बायपास केला तर हा त्रास बहुतेक जाईल, असं ते म्हणाले. "वजनाचं मात्र पहिल्या वेळेसारखं छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्यांदा कमीच उतरतं. आणि एकदा शिवलेल्या जागी परत हात घालायचा, म्हणजे धोकाही थोडा जास्त. घाई नाही. विचार करा."

उठता उठता मी म्हटलं, "डॉक्टर, तो बाहेरचा फोटो काढून टाका."

"हो, हो. आजच काढायला सांगतो," ते लगेच म्हणाले.

आणि मला वाईट वाटलं. असू द्या, ते वर्षही खरंच होतं, असं काहीतरी ते म्हणतील अशी माझी वेडी आशा होती.

बाहेर आले तर अहेरीच्या बाई थांबलेल्या होत्या. "इथी बसून काय समजन तुमाले?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर त्याच्या कामाचं सांगते. तुमी अहेरीले या. दिवसभर माह्या घरी राहा. मी कशी खातो, कशी राह्यतो, ते पाहा. मंग ठरवा." पिशवीतून पेन काढून त्यांनी माझ्या फाइलीवरच आपला नंबर लिहिला. मी त्यांना भाभी म्हणू लागले ते तिथूनच.

घरी विषय काढला तेव्हा नवरा जेवायचा थांबला. आमचं कृषी केंद्र आहे, बी-खत विकायचं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी तो कमी बोलतो. "मागच्या वेळी तुला आत नेलं तेव्हा मी बाहेर देवाला काय काय कबूल करून बसलो होतो ते तुला माहीत नाही," तो म्हणाला. "पुन्हा नको. मला तू आहे तशीच चालते."

"तुम्हाला चालण्याचा प्रश्न नाही," मी चिडून म्हटलं. "मला आडवं होता येत नाही."

हे खरं होतं. आडवी झाले की आंबट पाणी घशाशी यायचं, खोकल्याची उबळ लागायची. कितीतरी महिने मी उशा रचून, टेकून झोपत होते. जळजळीच्या गोळ्या वाढवून झाल्या होत्या.

सासूबाई दाराशी बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. पहिल्या ऑपरेशनला त्यांचा कडक विरोध होता. चांगलं धडधाकट पोट काऊन कापावं, म्हणून त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता पुन्हा तेच. पण त्या म्हणाल्या, "मागच्या टायमाले मी नाई म्हणलं. आता तुले काय होऊन राह्यलं ते मले नीट सांग. वजनाचं नको सांगू, ते मले दिसते."

मी सांगितलं. जळजळ, खोकला, आंबट पाणी, वर्गात बसणारा आवाज. त्या डाळीतले खडे वेचत ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर माझ्या पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर चढवलेले. शेतावरच्या गड्याला हाताशी धरून त्यांनी ते करून घेतलं होतं. "डोकं वर राह्यलं तर पाणी खालीच राह्यन," एवढंच म्हणाल्या. मी वर्गात शिकवते तेही हेच. माझ्या पलंगाला मात्र मी कधी विटा लावल्या नव्हत्या. त्यानं थोडं बरं वाटलं, पण थोडंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी अहेरीला गेले. नवरा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. गडचिरोलीला बस बदलली. आष्टीच्या पुढं लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली, रस्ता लाल, झाडांची पानंही लाल. बस हेलकावे खात होती आणि घशाशी येणारं पाणी गिळत मी खिडकीला धरून बसले होते. हे एवढं अंतर मी दुसऱ्या बाईचं जेवण बघायला चालले आहे, या विचारानं मला स्वतःचंच नवल वाटत होतं.

भाभींचं घर दुकानाच्या मागंच. त्यांचे मियाँ शिलाई मशीनवरून उठून सलाम करून पुन्हा कामाला बसले. पोचता पोचता संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी भाभी दिवसभर माझ्याशी बोलत होत्या आणि मी त्यांना बघत होते. सकाळी एक अंडं, सावकाश. मग दुकान उघडलं. मधल्या वेळी घोट घोट पाणी. गोळ्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला: लोहाच्या, कॅल्शियमच्या, जीवनसत्त्वांच्या. "ह्या मरेपर्यंत," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन बी घ्यावं लागते. चुकलं का केस गळते, पाय लटपटते. एकदा कंटाळून बंद केल्या तं भिंत धरून चालावं लागलं मले."

दुपारी त्यांनी मच्छीचा रस्सा केला होता. ताटात त्यांनी आधी मासा घेतला, तो संपवला, मग दोन चमचे भात. पाणी जवळ नव्हतंच. मी माझ्या घासांचं भान सोडून त्यांच्या घासांकडं बघत राहिले.

संध्याकाळी शेजारच्या घरून पेढे आले. तिथं मुलगा झाला होता. देणारी बाई समोर उभी, "एक तरी घ्या भाभी," म्हणत. भाभींनी अर्धा पेढा खाल्ला. ती बाई गेली आणि थोड्याच वेळात भाभींचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम फुटला. त्या चटईवर कुशीला झाल्या, हात पोटाशी. मी घाबरून त्यांच्या मियाँना हाक मारली. ते दारात आले, बघितलं आणि म्हणाले, "मीठा खाया क्या?" पंखा लावून ते माझ्याकडं वळले, "उतरेगा. थोडी देर पडे रहने दो."

मी त्यांचा हात धरून बसले. हात गार होता, आतून धडधड जाणवत होती.

"घाबरू नका बाई," भाभी डोळे मिटूनच म्हणाल्या. "ह्या ऑपरेशनानंतर गोड नाई सोसत. हेच पाह्यले तं आल्या तुमी."

त्या उठून बसल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मी विचारलं, "भाभी, पस्तावता का कधी?"

त्यांनी ओढणीनं कपाळ पुसलं. "पयल्या ऑपरेशनच्या टायमाले मले वाटलं होतं, का मी दुसरीच बाई होऊन जाईन. सडपातळ, हसरी, तुमच्या त्या फोटोसारखी. दुसऱ्याच्या टायमाले तसं काई वाटलं नाई. मले फक्त झोप पायजे होती. ते भेटली. वजन उतरलं, त्यातलं थोडं परत बी आलं. येऊ दे." मग त्या म्हणाल्या, "तुमाले काय पायजे ते पयले ठरवा. फोटो पायजे असन तं नका करू."

त्याही रात्री त्यांनी मला आपल्या खोलीतच झोपायला घेतलं. त्या सपाट गादीवर, पातळ एका उशीवर निजल्या. मी भिंतीला टेकून, पाठीशी तीन उशा.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला विचारत आले. फोटो हवाच होता मला, खोटं कशाला बोलू. मुलींसमोर हलकं उभं राहायचं होतं, लग्नातल्या त्या बाईला दाखवून द्यायचं होतं. ही हौस पुसून टाकू म्हटल्यानं पुसली गेली नाही. पण ती बाजूला काढून ठेवली तरी काही उरतं का, हे बघत होते. उरत होतं. सोललेली अन्ननलिका उरत होती. बसलेला आवाज उरत होता, आणि तोच माझ्या पोटापाण्याचा होता.

मी डॉक्टरांना सांगितलं, आधी काही महिने द्या. तेवढ्या महिन्यांत भाभींसारखं खायला शिकले. आधी डाळ, अंडं, मासा, मग भात, चहातलं बिस्किट बंद. वजन थोडं हललं. जळजळ हलली नाही. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली, जखम तशीच होती. मग मी हो म्हटलं. नवऱ्याला जवळ बसवून भाभींच्या पेढ्याची गोष्टसुद्धा सगळी सांगितली, काही लपवलं नाही. तो म्हणाला, "मग या वेळी मीही बाहेर बसून काही कबूल करत नाही. बस बसून राहतो."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. मागच्यापेक्षा जास्त दुखलं, जास्त दिवस लागले. आतल्या जुन्या टाक्यांमुळं डॉक्टरांना वेळ लागला, असं नंतर कळलं. पण आठवड्याभरात मी आडवी झोपले. भाभींना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "झोपा मंग, फोन काऊन करून राह्यल्या?"

लोक विचारतात, किती कमी झालं. मी खरा आकडा सांगते, आणि तो ऐकून त्यांचा चेहरा पडतो. पहिल्या वेळेइतका तो मोठा नाही. साखरेची गोळी अजून आहे, अर्धी. वजन परत येईल का ही भीती गेलेली नाही. सकाळी काट्यावर उभं राहताना अजून श्वास धरते. हॉलमधल्या भिंतीसाठी डॉक्टरांनी या वेळी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

यंदा नवा तांदूळ घरात आला तेव्हा सासूबाईंनी पहिला भात लावला. नव्या भाताचा वास सगळ्या घरात. माझ्या ताटात त्यांनी आधी वरण, मग अगदी चिमटीभर भात वाढला. नवरा जेवून दुकानात गेला. सासूबाईंचंही झालं होतं. मी एकेक घास बारीक चावत होते, आणि त्या उष्ट्या हातानं बसून, कोणत्या बांधीत धान चांगलं पिकलं, कुठं रानडुकरं शिरली, ते सांगत होत्या. त्यांचा हात वाळून गेला.

"तुम्ही उठा ना आई, मला वेळ लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या आणि रानडुकरांचं पुढं सांगू लागल्या.