घरी पडलेल्या सतरा जणी

हिरेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात बायकांचा वॉर्ड फरिदाबीकडं आहे. कागदावर ती कक्षसेविका. बायका तिला मावशी म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत नऊ अधीक्षक आले आणि बदलून गेले. जाताना प्रत्येकाच्या गळ्यात हार फरिदाबीनंच घातला. ती म्हणते, "हार घालून घालून हात दुखायला लागलाय. पण माणूस गेल्याचं सुख बी हाय की त्यात."

नववे म्हणजे डॉ. मुळजकर. साहेबांना स्वच्छतेचं भारी वेड. आल्या आल्या त्यांनी बायकांच्या बाथरूममधली खरबरीत शहाबादी फरशी उपटून पांढरी चकचकीत टाईल बसवली. तपासणी पथकानं चमक बघून गुण वाढवले, प्रमाणपत्र दिलं. बायका मात्र त्या चमकीवरून धपाधप घसरायला लागल्या.

आता, दवाखान्यात पेशंट पडला की त्याची नोंद ठेवायला एक वही असते. कोण पडलं, कुठं, किती वाजता, काय मोडलं, सगळं तिच्यात लिहायचं. मुळजकर साहेबांची वही तीन वर्षं कोरी होती. पाहुणा आला की साहेब ती पोथीसारखी उघडून दाखवायचे. "शून्य! जिल्ह्यात असा दवाखाना दुसरा दाखवा."

शून्य राखायची रीत साहेबांनीच बसवली होती. बाई पडली की तिला स्ट्रेचरवर घ्यायचं. स्ट्रेचर वॉर्डातून बाहेर, फाटकाजवळच्या लिंबाला एक वळसा, आणि पुन्हा आत. आत येताना नवीन केसपेपर. त्यावर निकिता सिस्टर लिहायची : राहत्या घरी पाय घसरून पडल्याने.

रुद्रम्मा नावाची म्हातारी दम्यासाठी भरती होती. ती बाथरूमात पडली, मनगट मोडलं. स्ट्रेचर लिंबाकडं निघालं तशी ती घाबरली.

"अगं, मला कुठं न्यायलाव? म्या अजून मेले न्हाई की!"

"गप पडा काकू," फरिदाबी स्ट्रेचर ढकलत म्हणाली. "तुमी घरी चाललाव."

"घरी? आन हात?"

"घरी जाऊन पडायचं, मग हात मोडायचा, मग परत यायचं. आता झालंच बगा."

"या बया! म्या तर हितंच पडले."

"ते तुमाला ठाव, मला ठाव. कागदाला कुठं ठाव हाय?"

फरिदाबी हसत होती, पण तिचा एक डोळा वॉर्डाकडं होता. वॉर्डात शिवगंगा होती. पहिलटकरीण, नववा महिना, बीपी वाढलेलं, पायावर सूज. दिवसातून दहादा बाथरूमला जायची. दर वेळी फरिदाबी तिचा दंड धरून उभी राहायची. पण फरिदाबी एक आणि बायका चौदा. तिनं दोन वर्षं एकच मागणी लावून धरली होती : टाईल काढायची नसली तर नका काढू, भिंतीला धरायला एक लोखंडी दांडी तरी बसवा.

ती पुन्हा साहेबांकडं गेली.

"अहो बाई, दुरुस्तीला कारण लागतं," साहेब म्हणाले. "वहीत एक तरी बाई पडलेली आहे का?"

"वहीत कशी दिसंल साहेब? ती लिंबाकडून आत येती न्हवं."

"मग कारण काय दाखवू मी वर?"

"रुद्रम्माचं मनगट दाखवा."

"ते घरी मोडलंय," साहेबांनी केसपेपर पुढं सरकवला. त्यावर सही त्यांचीच होती. ती वाचून त्यांना स्वतःलाच पटल्यासारखं दिसलं.

इकडं जिल्ह्याच्या कार्यालयात कुणीतरी आकडे मांडून बसलं होतं. हिरेवाडीचा दवाखाना एकदम सुरक्षित, पण हिरेवाडीची घरं भलतीच घातकी! वर्षात सतरा बायका राहत्या घरी घसरल्या. साहेबलोक चिंतेत पडले. बैठक झाली, चहा झाला, आणि 'सुरक्षित घर' नावाची मोहीम निघाली. पडलेल्या प्रत्येक बाईच्या घरी एक स्टीलची दांडी फुकट बसवून द्यायची. फॉर्मवर अट छापलेली : लाभार्थी ज्या ठिकाणी पडली तेच ठिकाण तिने स्वतः दाखवावे, दांडी तिथेच बसवावी, अंगठा घ्यावा.

सतरा दांड्या टेम्पोत घालून महांतप्पा फिटर आला. यादीतले पत्ते त्याला सापडेनात. दवाखान्यात विचारायला आला तर फरिदाबी भेटली. तिनं यादी वाचली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला भाऊ, घरं म्या दावते."

पहिलं घर रुद्रम्माचं. अंगणात उघड्यावर न्हाणीचा दगड, चारी बाजूंनी जुन्या साड्यांचा आडोसा. भिंत नाहीच.

"आज्जी, दांडी कशाला ठोकू? साडीला?" महांतप्पानं विचारलं.

"म्या हितं पडलेच न्हाई, बाबा."

"मग कागद खोटा म्हणायचा?"

"कागद खरा हाय," फरिदाबी मधी पडली. "निस्ता जागेचा घोळ हाय. काकू, कुठं पडलाव ते फिटरला दावा. अटच हाय तशी."

रुद्रम्मानं प्लास्टरचा हात पोटाशी धरला आणि टेम्पोत बसली. वाटेत आणखी चौघी चढल्या. मुळजकर साहेब तेव्हा धाराशिवला मीटिंगला गेले होते, सुरक्षिततेच्याच. दुपारभर बायकांच्या बाथरूममधी ड्रिल चाललं. महांतप्पा नियमाचा माणूस. प्रत्येकीनं जागा दाखवली, त्यानं दांडी बसवली, अंगठा घेतला. एका दांडीपासून अर्ध्या हातावर दुसरी, अशा पाच दांड्या एकाच भिंतीला लागल्या. प्रत्येक दांडीवर मोहिमेचं स्टिकर : अमुक लाभार्थी यांचे राहते घर.

साहेब परतले, बघितलं आणि तापले. "उपटा हे सगळं! परवा पथक येतंय."

"उपटायला लाभार्थीचा अंगठा लागंल साहेब," महांतप्पा हत्यारं आवरत म्हणाला. "आन उरलेल्या बारा जणींच्या बी बसवायच्यात. कुठं बसवू?"

तिसऱ्या दिवशी पथक आलं. तपासायला एक चष्मेवाल्या मॅडम होत्या. त्यांनी कोरी वही चाळली. साहेब "शून्य" म्हणाले. मग मॅडम बाथरूममधी गेल्या आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

"इथं कुणी पडत नाही ना?"

"एकही नाही, मॅडम."

"मग एवढ्या दांड्या?"

साहेबांनी कोरी वही पुन्हा पुढं केली. निकिता सिस्टर टाईलकडं बघत राहिली. फरिदाबी शिवगंगाचा दंड धरून दारात उभी होती.

"मॅडम, ही बायकांची राहती घरं हाईत," ती म्हणाली. "कागद काढून बगा. सतरा जणी राहतात हितं. दाटीवाटीनं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सतरा केसपेपर मागवले आणि वॉर्डाच्या भरतीच्या रजिस्टरला लावून बघितले. सतराच्या सतरा बाया ज्या दिवशी घरी पडल्या त्या दिवशी वॉर्डातल्या खाटेवर भरती होत्या. मॅडमनी कोऱ्या वहीत स्वतःच्या हातानं सतरा ओळी लिहिल्या आणि खाली साहेबांची सही घेतली.

गुण गेले, प्रमाणपत्र गेलं. टाईल उखडायचा हुकूम मात्र आठवड्यात आला. वहीत कारण सापडलं होतं.

साहेब फरिदाबीवर गरजले, "तुमच्यामुळं सतरा बाया पडल्या माझ्या!"

"कवाच पडल्या होत्या, साहेब. तुमी आता मोजल्या."

तेवढ्यात आतून शिवगंगानं हाक मारली, "मावशे, पाणी फुटलं गं!" फरिदाबी धावली. शिवगंगा बाथरूममधी उभीच होती, दोन्ही हातांनी रुद्रम्माच्या राहत्या घराला घट्ट धरून.