ओडेनवाल्डच्या नेमबाजीत आमच्या घरचा रवा

रविवारी सकाळी क्लाउसचा फोन आला, तेव्हा माझा दुसरा चहा पिऊन झाला होता आणि तिसऱ्याचं आधण ठेवलं होतं. मला एका जागी बसवत नाही, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. पण तो आठवडा जरा जास्तच होता. कारण आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटे असतात. जेवण म्हणजे खिचडी, नाहीतर चहात बुडवलेली बिस्किटं. किती मिनतवाऱ्या करून तीन महिन्यांसाठी त्यांना इथे जर्मनीत, वाल्डॉर्फला आणलं, तर महिना होतोय न होतोय तोच रोज एकच धोशा: अलीकडच्या तारखेचं परतीचं तिकीट मिळतंय का बघ. का ते सांगत नव्हते. माझा नवरा समीर कामासाठी हॅनोव्हरला. तो फोनवरून म्हणाला, "तूच थांबव, तुझं ऐकतील." वा रे वा! सोमवारी तिकिटाचं बघते, असं मी बाबांना कबूल करून बसले होते. म्हणजे त्यांचं मन वळवायला माझ्याकडे हा एक रविवार होता, आणि त्या रविवारी आम्ही जाणार होतो ओडेनवाल्डच्या डोंगरात, काळ्या दारूच्या रिव्हॉल्वरने नेमबाजी करायला.

हसू नका. जर्मनीत गावागावात नेमबाजी मंडळ असतं, आपल्याकडे गणेश मंडळ असतं तसं. क्लाउस आमचा शेजारी, निवृत्त माणूस. तो मला वर्षभर त्याच्या मंडळात शिकवतोय. ही रिव्हॉल्वर जुन्या पद्धतीची. तयार काडतूस नसतंच. चक्राच्या एकेका घरात आधी मोजलेली बंदुकीची काळी दारू ओतायची, मग शिशाची गोल गोळी दांड्याने दाबून बसवायची, वर चरबी लावायची, मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची. धावत्या मनाच्या माणसाला याच्याइतकं औषध नाही. एक पायरी चुकली की संपलंच. आणि निशाणासाठी दारू थोडीच घालतात, म्हणून घरातली उरलेली जागा भरायला दारू आणि गोळीच्या मधे काय घालतात, माहितीये? रवा. हो, उपम्याचा रवा!

फोन त्याचाच होता. क्लाउसचा रवा संपला होता, आणि इथे रविवारी दुकानं बंद. आल्झो, म्हणजे तर मग, तुझ्याकडे असेल का, असं तो बिचारा चाचरत विचारत होता. मराठी घरात रवा नाही असं कधी झालंय का! मी ओट्यावरच्या डब्यातून भराभर एका बाटलीत ओतला, बाटली पर्समध्ये टाकली आणि बाबांना म्हटलं, चला.

वाल्डॉर्फहून हायडेलबर्ग, तिथून नेकार नदीच्या काठाकाठाने वर. रस्ता इतका देखणा की जाणाऱ्याने घाई करू नये. मी अर्थातच केली. एकीकडे पाणी, दुसरीकडे लाल दगडाचे कडे, मधेच डोंगरावर एखादा किल्ला. किल्ला दिसला की बाबा मान वळवून मागे जाईपर्यंत बघायचे. वाटेत एका बेकरीत थांबून लोणी लावलेले ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचे खारे पाव, घेतले. रविवारी सकाळी एवढंच उघडं असतं, तेव्हा जाणाऱ्यांनी पोटाची सोय इथेच करावी. एबरबाखच्या पुढे नदी सोडून जंगलातला रस्ता लागतो, वळणावळणाचा, आणि मोबाईलची रेंज जाते. जुलैचं ऊन मी म्हणत होतं. तिकिटाचा विषय काढायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा एसीबद्दलच विचारलं.

बेकरीतही विषय निघाला नव्हता. बाबा ट्रे उचलायला गेले, तर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा." ते बसले.

ते गाव म्हणजे एक चर्च, थोडी घरं आणि झाडीत लपलेली नेमबाजीची शेड. पाहुण्यांनी पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ ठेवावं. आवाजापासून कान झाकायची टोपणं आणि चष्मा तिथेच मिळतो. पाहुण्याची फी एका जेवणाइतकीसुद्धा नाही, आणि शेजारी अनुभवी माणूस उभा असल्याशिवाय हत्याराला हात लावू देत नाहीत. रिव्हॉल्वर आणि दारू क्लाउस त्याच्या गाडीतून घेऊन आला होता, परवाने त्याचेच. बाबांना काचेमागच्या बाकावर बसवलं. एका बाईंनी त्यांना कॉफी आणून दिली. ते उठून कप घ्यायला गेले, तर त्याही हातानेच खूण करून म्हणाल्या, बसा बसा.

मैत्रीचा सामना होता, दोन मंडळांमधला. आमच्या संघात तिसरा माणूस आजारी पडला म्हणून माझी वर्णी लागलेली. मी एकेक घर भरायला लागले. रवा बाटलीतून नीट पडेना, चिकटत होता. उन्हात गाडीत राहून दमट झाला असेल, असं म्हणून मी बाटली ठोकून ठोकून ओतला. पहिली गोळी. धूर एवढा की समोरचं काही दिसेना, आणि फटाक्यांचा तो वास! मला त्या वासाने दरवेळी उगाचच दिवाळी आल्यासारखं वाटतं. गोळ्या लागत होत्या, पण सगळ्या खाली. क्लाउस कपाळाला आठ्या घालून बघत होता. मग पुन्हा चक्र भरलं, नेम धरला, चाप ओढला, आणि आवाज आला तो फुस्स. गोळी नळीतच अडकली.

क्लाउसने माझा हात धरून तसाच पुढे रोखून ठेवला. सामना थांबला. देखरेखीच्या बाई आल्या. मग त्याने रिव्हॉल्वरच्या उरलेल्या टोप्या काळजीपूर्वक काढून ती बाजूला ठेवली, माझी बाटली उचलली, चिमूटभर रवा बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि अगदी हळू विचारलं, "मंजिरी, यात लोणी आहे का?"

मी बघितलं. रवा पांढरा नव्हताच, छान बदामी होता. तुपावर खरपूस भाजलेला. उन्हाने तूप सुटलं होतं आणि दारू भिजली होती. मी रवा कधीच भाजून ठेवत नाही. भाजून ठेवायच्या त्या आमच्या सासूबाई.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार ढकलून बाहेर आले आणि सगळ्या गावासमोर, सासऱ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "बाबा, माझ्या रव्याला हात कशाला लावलात? विचारायचं तरी एकदा!"

बाबा उभे राहिले. म्हणाले, "तू ऑफिसला गेली होतीस. म्हटलं, तूप घालून भाजला की किडे होत नाहीत."

"इथे किडे होतच नाहीत, बाबा!"

मराठी कुणालाच कळत नव्हती, पण ओरडणं सगळ्यांना कळलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाई असत्या तर त्यांनी मला तिथल्या तिथे धारेवर धरलं असतं. गोळी ठोकून काढायला क्लाउसला बराच वेळ लागला. आमचा संघ हरला, अर्थातच. क्लाउस रागावला नाही, उलट बाबांच्या खांद्यावर हात ठेवून आला.

जेवायला मंडळाच्या बायकांनी केलेलं बटाट्याचं सॅलड आणि चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, होत्या. अंडं चालणाऱ्या शाकाहारी लोकांनी हे श्पेट्झले सोडू नयेत. मी मात्र ताटात नुसती चिवडत बसले. बाबा खाली मान घालून जेवले, ताट स्वतः उचलून नेऊन ठेवलं. मी बसा म्हटलं नाही. तोंडच नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर नदी उजवीकडची डावीकडे झाली, एवढंच मला आठवतंय. कसली माफी आणि कसलं काय, शब्द जुळवता जुळवता हायडेलबर्ग आलं. एका महिन्याची मिनतवारी मी एका ओरडण्यात घालवली होती. उद्या सकाळी तिकीट बघायचं, आणि समीरला सांगायचं की तुझ्या वडिलांना मीच घालवलं.

घरी आल्यावर मी हात धुवायला गेले, दारूचा काळा थर नखांतून निघता निघत नाही. बाहेर आले तर बाबा ओट्यापाशी. चहा टाकला होता. साखर कुठे आहे, हे त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदाच विचारलं नाही, दोन-तीन डबे उघडून शोधून काढली होती.

"बाबा, सकाळचं..." मी म्हटलं.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "आल्यापासून बघतोय. समीर म्हणतो, बाबा बसा. तू म्हणतेस, बाबा बसा. ती कॉफीवाली बाईसुद्धा तेच. किती दिवस बसायचं माणसाने? ज्या घरात कुणी रागावतसुद्धा नाही, तिथे मी पाहुणाच की. पाहुण्याने वेळेत निघावं."

रडू आलं, ते चहाच्या वाफेवर ढकललं. सामन्यात माझं नाव अगदी शेवटी होतं, क्लाउसच्या रिव्हॉल्वरची नळी घासायचं काम माझ्याकडे लागलंय, आणि तरी तो रविवार मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही. नाक ओढत मी विचारलं, उद्या तिकिटाचं काय करू.

बाबांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला.

"आहे तेच तिकीट राहू दे," ते म्हणाले. "आणि यापुढे ओरडायचं असेल तर घरी ओरड. लोकांसमोर नको."