बाबांच्या हातची शेवंती

आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी एका कंपनीच्या चादरींच्या कापडासाठी फुलांची डिझाइन्स करते. त्यातली शेवंती मात्र माझे बाबा कागदावर रंगवून देतात. चाळीस वर्षं त्यांनी अंबडच्या कारखान्यांचे बोर्ड रंगवले. आता हात थरथरतो. त्यामुळे ब्रश अडखळतो, पाकळीत रंग मध्येच तुटतो, ब्रशच्या केसांच्या रेघा उमटतात. कंपनीला नेमकं तेच आवडतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी थरथरीवरची गोळी बदलली. आज सकाळी बाबांनी चहाचा कप एका हाताने उचलला, थेंबही न सांडता! त्याच खुशीत बारा फुलं रंगवली, बोर्डावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत. मी लगेच फोटो पाठवले.

कंपनीच्या मॅडमचा फोन आला. बाबांना कौतुक ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"अगं, हे छापील वाटतंय. आधीची मजा नाही यात."

बाबांनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि विचारलं, "उद्या गोळी नाही घेतली तर चालेल का गं?"

"काहीतरीच काय बोलता, बाबा!" असं म्हणाले मी. पण त्याआधी मला ऑर्डरची तारीख आठवली होती.

खरं सांगा, तुम्हाला आधी काय आठवलं असतं?